माहेर राजूर

"सिष्टर, माझं नाव कोनं मिटवलं, त्याला दाखवा बरं मला."

कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात द्वारकाबाई उभी होती. चपला बाहेर काढलेल्या, कारण या खोलीत चपलांना मनाई असल्याची पाटी आम्हीच लावली होती. एवढं सगळं होऊनही या बाईला पाटी आठवली, याचाच मला आधी राग आला. त्या चपला तिने आमच्या टेबलावर आपटायला हव्या होत्या.

आमचा ऑपरेटर वसंता खुर्चीतून उठला. दोन लेकरांचा बाप, कंत्राटावरचा माणूस, कुणी जरा आवाज चढवला की उभाच राहतो.

"ताई, मिटवलं म्हन्जे झाकलं," तो म्हणाला. "तुमचं एकटीचं न्हाई, समद्यांचं झाकलंय. वरून तसा हुकूम आल्ता."

"झाकलं, तर मंग गावाला कसं दिसलं?"

वसंताने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, कपाळ? मलाच अजून काही कळलं नव्हतं. मी तिला स्टुलावर बसवलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला नाही.

मी उषा. या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून माझी हयात गेली. समोर मला सगळे उषाबाई म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. माझं तोंड खराब आहे, मान्य. पण दोन हजार चार साली दिवाळीनंतर जे झालं, ते बघून ज्याचं तोंड खराब होणार नाही, त्याला मी माणूस म्हणणार नाही.

द्वारकाबाई कुंभेवाडीची. वडीगोद्रीला हायवेवर उतरायचं आणि आत चालत जायचं, तिथलं हे गाव. नवरा भिवा बोअरच्या गाडीवर कामाला होता. आठ-आठ महिने परमुलखात राहायचा, आणि येताना पैसे कमी, आजार जास्त घेऊन आला. तो एड्सने गेला तेव्हा आम्ही हिचं आणि हिच्या मुलीचं रक्त तपासलं. मुलीचं चांगलं निघालं. हिचं नाही निघालं.

रिपोर्ट सांगितला तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "गावात कळलं तर खिचडीचं काम जाईन माझं." शाळेतल्या पोरांची खिचडी ती शिजवायची. त्याच्यावर घर चालायचं असं नाही, बाकीच्या दिवसांना निंदणी-खुरपणी होतीच. पण त्या शाळेत तिची मुलगी शिकत होती, आणि रोज दुपारी सगळ्या गावाची लेकरं तिच्या हातचं खायची. विधवा बाईला गावात एवढी जागा पुष्कळ असते. मी तिचा हात धरून सांगितलं होतं, की तुझं नाव या भिंतीच्या बाहेर जाणार नाही.

आणि नाव गेलं नाही. अगदी खरं सांगते, नाव बिलकुल बाहेर गेलं नाही. जो काय तमाशा झाला तो नावाशिवायच झाला.

झालं असं, की पुण्याच्या एका संस्थेला आमच्याकडची सगळी माहिती अभ्यासासाठी हवी होती. वसंताने ती एक्सेलच्या शीटमध्ये भरून ठेवलेली. नाव, पतीचं नाव, घर क्रमांक, फोन, वय, गाव, धंदा, विवाहित की विधवा, रिपोर्ट आणि एक रकाना माहेरचा. हा रकाना आमच्या आधीच्या डॉक्टरांनी वाढवून घेतला होता आणि बरोबरच होतं त्यांचं. आपल्याकडची बाई आजारी पडली की माहेरी जाते. मग तपासणीला तिला शोधायचं कुठे?

तर संस्थेचे साहेब आले. खांद्याला बॅग आणि वाक्यागणिक तोंडात गोपनीयता. त्यांनी सीडीवर एक प्रोग्राम आणला होता. त्याला ना चित्र ना बटण. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. कुठली फाइल, तिच्यातले कुठले रकाने झाकायचे, एवढंच त्या ओळीत लिहायचं आणि एंटर मारायचं.

साहेब कागदावरून वाचत गेले. "नाव. पतीचं नाव. घर क्रमांक. फोन. बाकीचं राहू द्या, बाकीचं अभ्यासाला लागतं."

वसंताने ओळ लिहिली, एंटर मारलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी नावं गायब आणि त्यांच्या जागी नंबर. द्वारकाबाई झाली चौदा. साहेब खूश झाले. म्हणाले, "आता ही शीट भर चौकात लावली तरी कुणाचं काही बिघडत नाही."

लोक असं बोलतात तेव्हा आपण समजतो, बोलण्याची पद्धत आहे. या माणसाने ते खरंच करवलं.

"पारावर सभा व्हती," द्वारकाबाई स्टुलावरून सांगत होती. आवाज चढलेला नव्हता. "संस्थेचा मानूस आल्ता. म्हने, गावात जागृती कराया आलो. मंग कागद काढला आन् वाचून राह्यला. तुमच्या गावात रुग्ण दोन. एक पुरुष, मयत. दुसरी स्त्री, वय एकतीस, विधवा, माहेर राजूर."

तिने वसंताच्या पडद्याकडे बघितलं.

"मी बायांमधी बसले व्हते. समद्या वळल्या माझ्याकडं."

"अगं, पण राजूरच्या अजून असतील की," मी म्हटलं. "ते काय लहान गाव आहे? चतुर्थीला एवढी जत्रा भरते तिथे."

ती हसली. तसलं हसणं मला पुन्हा बघायचं नाही.

"सिष्टर, गावात मला काय म्हन्तेत, ठाव हाय का तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं. मी तिला केसपेपरवर बघून द्वारकाबाई म्हणायचे.

"राजूरवाली. लगीन करून आल्ते तवापासून. सासू म्हनायची, ए राजूरवाले, चूल पेटव. जावा म्हन्तेत. शाळंतले लेकरं म्हन्तेत, राजूरवाली काकू, आजूक वाढ. माझी शेजारीन अंबडवाली, तिच्यापल्याड पैठनवाली. एकीचं नाव दुसरीला ठाव न्हाई. द्वारका म्हनून गावात हाक मारा, कुनी वळून बघनार न्हाई. भिवानं बी कधी घेतलं न्हाई माझं नाव." तिने पडद्याकडे बोट केलं. "जे कुनालाच ठाव नव्हतं, ते तुम्ही झाकलं. आन् बराबर ज्या नावानं हाक मारतेत, तेच पारावर बसून वाचलं."

वसंता मटकन खुर्चीत बसला. "माझ्या बायकोला घरात भोकरदनवाली म्हन्तेत," तो पुटपुटला. "माझी माय रोज हाक मारती. आन् माझ्या ध्यानात आलं न्हाई."

"तुला कुणी विचारलं होतं?" मी त्याच्यावर खेकसले. त्याच्यावर खेकसायचं काही कारण नव्हतं, पण जवळ तोच होता.

द्वारकाबाई पुढचं सांगत राहिली. सभेच्या दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडीचं पातेलं जसंच्या तसं राहिलं. पोरं फडक्यात भाकरी बांधून आली होती. घरून सांगून पाठवलेलं. मास्तर खाली मान घालून बसला. मग शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब आले. मोठे बागायतदार, बोलायला गोड.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनले, बाई, आमी तुला काही वंगाळ बोलून न्हाई राह्यलो. पर लेकरायचा सवाल हाय. थोडे दिस आराम कर." तिने 'आराम' हा शब्द असा उच्चारला, की मला दात खावेसे वाटले. "मंग ती समदी खिचडी मी काकासाहेबाच्याच गोठ्यात नेली. त्यायच्या म्हशीला घातली. म्हशीनं खाल्ली. सांजच्याला त्याच म्हशीचं दूध समद्या गावानं नेलं. दुधाला काही झालं न्हाई."

मी त्या साहेबांना फोन लावला. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन दिवसांनी ते आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, ही तांत्रिक चूक आहे. दुरुस्त होते."

त्यांनी वसंताला तीच काळी खिडकी उघडायला लावली. तीच ओळ, फक्त शेवटी 'माहेर' एवढा शब्द वाढवला. एंटर. माहेरच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फुल्या आल्या.

"झालं," साहेब म्हणाले. "आता डेटा पूर्ण सुरक्षित आहे. नवीन कागद पाठवून देतो गावाला."

"साहेब," मी म्हटलं, "कुंभेवाडीच्या डोक्यात जो रकाना भरलाय ना, तो झाकायला कुठली ओळ लिहायची, ती सांगा. वसंता आत्ता टाइप करतो."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मग कशाच्या भरात बोलू?"

ते वसंताकडे वळले. "खरं म्हणजे स्थानिक माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं. यांच्या कंत्राटाचं बघावं लागेल."

म्हणजे रकाने यांनी वाचून दाखवले, कागद यांच्या माणसाने पारावर वाचला, आणि नोकरी जाणार एंटर दाबणाऱ्याची. मी उठून दार लावून घेतलं आणि त्या माणसाला खुर्चीवर बसवून ऐकवलं. वसंता इथून गेला तर मी कलेक्टरच्या दारात जाऊन बसेन, हे पहिलं. तुमचा नवा कागद कुंभेवाडीत गेला तर आधी माझ्याशी गाठ आहे, हे दुसरं. पेपरात देईन असंही तोंडावर आलं होतं, पण गिळलं. पेपरात काय देणार? द्यायचं म्हणजे तिलाच पुन्हा पारावर उभं करायचं. राग येतो तो याचाच. आपल्यावर अन्याय झाला हे ओरडून सांगायचीसुद्धा सोय त्यांनी ठेवली नव्हती.

वसंताचं कंत्राट राहिलं. साहेब पुन्हा आले नाहीत. त्यांचा अहवाल छापून आला म्हणे, चांगला गुळगुळीत कागद होता.

मी द्वारकाबाईला म्हटलं, "मी येते शाळेत. सगळ्या गावादेखत तुझ्या हातची खिचडी खाते. बघू कोण काय बोलतं."

"तुम्ही खासाल, आन् येष्टीत बसून परत जासाल," ती म्हणाली. "मंग? दुसऱ्या दिशी पातेलं माझ्याच पुढं राहीन."

मी शाळेत गेले नाही. खिचडीचं काम पैठणवालीला दिलं. ती द्वारकाबाईच्या भावकीतलीच. तिच्यावर तरी कशाला रागवायचं?

पुढच्या महिन्यात द्वारकाबाई तपासणीला आली. बाजाराचा दिवस होता, व्हरांडा गच्च भरलेला. सर्दी-खोकल्यापासून सगळे एकाच बाकांवर. या आजाराच्या पेशंटची नोंद आधी आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत व्हायची. तिथला नियम असा, की पेशंटला व्हरांड्यात नावाने हाक मारायची नाही, नंबरानेच मारायची. नियम चांगला आहे, मी तो कधी मोडलेला नव्हता.

दारात उभी राहून मी हाक दिली, "चौदा."

कुणी उठलं नाही.

"चौदा नंबर."

ती समोरच्या बाकावर बसली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अगं, तुलाच बोलावतेय."

"चौदा तुमच्या पडद्यावर हाय," ती म्हणाली. "राजूरवाली गावात व्हती. तिला गावानं काढून टाकलं. मला नाव हाय, सिष्टर. नावानं हाक मारा."

"एवढ्या लोकांत? तो बघ, काकासाहेब बसलाय तिकडे, बीपी तपासायला."

"म्हनूनच म्हन्ते. आता कुनापासून झाकायचं राह्यलंय?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती काही रागाच्या झटक्यात बोलत नव्हती. घरून ठरवून आली होती. मी दाराशी परत गेले आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"द्वारकाबाई भिवा शेजूळ."

काकासाहेबांनी मान वर केली आणि इकडेतिकडे बघितलं. ही कोण बाई, त्यांना कळेना. आजूबाजूचे लोकही बघत होते. मग बाकावरून ती उठली, तेव्हा काकासाहेबांना कळलं, आणि ते पायाशी ठेवलेल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

द्वारकाबाईने पदर नीट केला. त्यांच्यासमोरून चालत ती दारापर्यंत आली, चपलांच्या पाटीकडे एकदा बघितलं, आणि चपला न काढता आत गेली.