पोटाची बाही

गुणवंतरावांचे अण्णासाहेब, अण्णासाहेबांचे उल्हास, उल्हासचा श्रीरंग. या घराण्यात ताटात शीत टाकून कोणी उठले नव्हते. कारण अण्णासाहेबांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई वाढायला उभ्या राहिल्या की "पुरे" हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे.

गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये त्याच आता संतापून बसल्या होत्या. वाढलेल्या वजनापायी नातवाला मधुमेह जडला होता, झोपेत श्वास अडकत होता, सगळी पथ्ये हरली होती. आता म्हणे शस्त्रक्रिया!

"स्लीव्ह म्हणजे बाहीच ना रे?"

"हो आजी. जठराचा बराचसा भाग काढतात. उरते ती बाहीसारखी अरुंद नळी."

"आणि बायपास कशाला? हृदय तर ठणठणीत आहे तुझं!"

"हा पोटाचा, आजी. जठराची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. अन्न मधला रस्ता चुकवून जातं. तिसऱ्या प्रकारात वर पट्टा आवळतात, पण तो आता क्वचितच."

"बाही, पिशवी, पट्टा! इस्पितळ आहे की करोल बागेतलं शिंप्याचं दुकान?"

"माझ्यासाठी बाहीच ठरली. आता यातही तू आग्रहाने कोंबलंस, तर मी परत इस्पितळात. प्लीज यार, आजी."

"यार कोणाला म्हणतोस? मी काय तुझ्या कॉलेजात होते?" त्या कडाडल्या. मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. पोर खरोखरच घाबरले होते.

शस्त्रक्रिया झाली. श्रीरंग घरी आला तो नुसत्या पातळ पदार्थांवर. चंद्रप्रभाबाईंनी मुगाचे कढण गाळले, वाटीभर घेतले आणि स्वतः चमचा धरला. दोन-चार घोटांतच तो म्हणाला,

"पुरे, आजी."

वाटी जवळजवळ भरलेली. "अरे, चिमणीसुद्धा—" आणि त्यांना दुसरीच एक वाटी आठवली.

अण्णासाहेब गेले तेव्हा सारे नातेवाईक "आमची शपथ आहे, खा" म्हणत चंद्रप्रभाबाईंभोवती जमले होते. त्यांचा "पुरे" ऐकला तो एकट्या चिमुरड्या श्रीरंगने. पेजेची वाटी त्याने मुकाट्याने बाजूला ठेवली होती आणि आजीला टेकून बसून राहिला होता. "हे तुझं देणं राहिलं हो माझ्यावर," असे तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या.

चंद्रप्रभाबाईंनी वाटी खाली ठेवली. पुन्हा विचारले नाही. पदराने त्याचे ओठ टिपले आणि त्याला टेकून बसल्या.

देणे फिटले, व्याजासकट.