वैशाखातले वाचन

सुमतीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले तोच तिचा नवरा धरमचंद दुकानाच्या आतल्या दारातून आला आणि तिच्या वाटेत उभा राहिला.

"आज वाचायला जाऊ नकोस."

तिने पदर कपाळावर ओढला. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. तराजूची पारडी एकमेकांत घालून ठेवलेली होती, म्हणजे त्याने दुपारपासून काही तोललेच नव्हते.

"आई केव्हाच पुढे गेल्यात," ती म्हणाली. "बोरीच्या बायका या उन्हात गाडी जुंपून येतात. त्यांना काय सांगू?"

"डोकं दुखतंय म्हण."

"मागच्या खेपेला कुशाबाई तसं म्हणाली, तर ठमाबाईनं तिला विचारलं, कान तर दुखत न्हाईत ना? मग बस गुमान. मला काय सोडणार आहेत?"

एरवी तो हसला असता. आज त्याने खांद्यावरच्या उपरण्याने मान पुसली, मागे वळून रिकाम्या दुकानाकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"मग जा. पण आतल्या पानावर आपल्या भागाच्या बातम्या असतात ना, त्यात साखरेचा मजकूर आहे. तेवढा सोड."

"कोणत्या साखरेचा?"

"आपल्या."

स्वदेशीची चळवळ सुरू होऊन दुसरा उन्हाळा लागला होता. मोरस साखर, म्हणजे मॉरिशस बेटावरून येणारी, बेल्ह्याच्या बाजारात आता कोणी उघडपणे विकत नव्हते. ती हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात हे शेंबड्या पोरालाही माहीत झाले होते. शेतकऱ्यांनी ती देवाच्या नैवेद्याला वर्ज्य केली होती, आणि जैनांच्या घरात तर तिचे नाव काढायची सोय नव्हती. आसपासच्या गावांतले लोक देशी साखर घ्यायला धरमचंदच्या दुकानी येत, कारण त्याच्या आईचे, उगमबाईंचे, सोवळे सगळ्यांना ठाऊक होते. पाणी उकळून प्यायचे, सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचे नाही. अशा बाईच्या घरात खोटा माल कसा येईल?

"काल बाजारात नारायणगावच्या माणसाजवळ अंक होता," धरमचंद म्हणाला. "त्यात मी पाहिलं. पोती पुण्याहून आली तशीच विकली आहेत मी. पोत्यावरची खूण मी पुसलेली नाही."

"मग कोणी पुसली?"

"आली तेव्हाच पुसलेली होती. मी विचारलं नाही, एवढंच."

सुमतीला पारण्याचा दिवस आठवला. अक्षय्य तृतीयेला उगमबाईंचे वर्षभराचे उपवासाचे तप पुरे झाले होते. पारण्याला उसाचा रस मिळेना, म्हणून सुमतीने साखरेचे पाणी केले होते. देशी साखर विस्तवावर चढवली की करडी मळी वर येते. ती काढून टाकावी लागते. त्या दिवशी झारा हातात धरून ती चुलीपुढे बसून राहिली होती आणि मळी आलीच नव्हती. पाणी काचेसारखे नितळ. ते धरमचंदने स्वतःच्या हाताने आईच्या ओंजळीत घातले होते. विचारले तर तिनेही नव्हते.

"मास्तर सुट्टीत गावी गेलेत," तो म्हणत होता. "बाकीचे व्यापारी मोडी वाचतात, छापील कागदाच्या वाटेला कोणी जात नाही. वाचन झालं की अंक मी सोमाजी शिपायाकडून मागून आणीन. एक मजकूर गळला तर कुणाचं काही बिघडत नाही."

काहीच कबूल न करता सुमती पायरीकडे वळली. तो बाजूला झाला.

वाचनालय म्हणजे धर्मशाळेची एक खोली, तिच्यात पुस्तकांचे एक कपाट आणि पुढे लांब ओसरी. वैशाखात शाळेला सुट्टी असते, शेते नांगरून तापत पडलेली असतात, म्हणून पंचांनी या दिवसांत बायकामुलांसकट सगळ्यांसाठी वाचन ठेवायचे ठरवले होते. बायकामुले खोलीत, पुरुष ओसरीवर, मधल्या दाराला बांबूच्या काड्यांचा पडदा, चीक. यंदा मास्तर असत तेव्हा आधी ओसरीवर ते वाचत आणि मग खोलीत सुमती. सासरी आल्यापासून घराबाहेर तिचा आवाज कोणी ऐकला असेल तर तो याच खोलीत. मास्तर गेल्यावर पुरुष यायचे थांबतील असे वाटले होते, पण ते येत राहिले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, इथे सावली बरी आहे. नंतर कोणी काही म्हणेनासे झाले.

वाचनाची एक रीत होती. पुण्याहून आलेल्या साप्ताहिकाचा पट्टा सोमाजी शिपायाने सगळ्यांच्या देखत फोडायचा. आणि वाचणाऱ्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे वाचायचे, अगदी जाहिरातीसुद्धा. ही रीत ठमाबाईने पाडली होती. गेल्या वर्षी मास्तर एकटेच सगळ्यांना वाचत. जुन्नरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाल्याची बातमी आली, तेव्हा बायकामुले घाबरतील म्हणून मास्तरांनी ती गाळली. त्याच आठवड्यात ठमाबाईची लेक अंजना दिराच्या लग्नाचे कापड घ्यायला जुन्नरला गेली. तापाने गेलेल्या लेकीचे दिवस घातल्यावर ठमाबाई बोरीहून आली आणि ओसरीवर सगळ्या पुरुषांपुढे मास्तरांना म्हणाली, "आमाला वाचता येत न्हाई. म्हून काय ऐकायचं न् काय न्हाई, ते तुमी ठरवनार व्हय?" मास्तरांनी मान खाली घातली होती.

आज ती पुढेच बसली होती, मांडीवर नातू घेऊन. सुमतीला पाहताच तिने हाताने जागा झाडली.

"ये बाई. लई उशीर केलास. ही कुशी म्हनत व्हती, शेटाणी आता येत न्हाई."

"मी कुठं म्हनले?" कुशाबाई म्हणाली. "मी म्हनले, झोप लागली आसंल. येवढ्या उन्हाचं मानूस झोपतंय."

"तुज्यावानी समदी न्हाईत झोपाळू."

बायका हसल्या. कोपऱ्यात भिंतीला टेकून उगमबाई माळ ओढत होत्या. त्यांनी डोळे उघडून सुनेकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. सोमाजीने चिकेच्या फटीतून अंक वर धरून दाखवला, पट्टा फोडला आणि आत सरकवला.

सुमतीने वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानावर पंजाबातल्या सभा, सरकारचे हुकूम, बंगालातले कापड. तिचा आवाज नेहमीसारखा निघत होता याचे तिलाच नवल वाटले. मधे ठमाबाई विचारी, "म्हंजी काय ग?" आणि ती सोपे करून सांगे. ओसरीवरून कोणी तरी "वा!" म्हणाले, कोणी खाकरले. पोरे पेंगू लागली. तिने पान उलटले.

मजकूर तिसरा होता. आधीचे दोन, एक ओतूरच्या विहिरींचा आणि एक घोडेगावच्या बिबट्याचा, तिने सावकाश वाचले. घोडेगाव तिचे माहेर. तिथल्या बातमीवर ती नेहमी दोन शब्द जास्त बोलत असे. आज बोलली नाही. बिबट्या मेला आणि बातमी संपली.

तिचे बोट तिसरा मजकूर ओलांडून चौथ्यावर गेले. चौथा मंचरच्या कुस्त्यांचा होता. तिने श्वास घेतला. समोर ठमाबाई ऐकत होती. ती ऐकताना वाचणाऱ्याच्या तोंडाकडे पाही, ओठांकडे, जणू तिथे अक्षरे दिसतात. नातवाने तिच्या गळ्यातला मणी तोंडात घेतला होता. मास्तरांनी बातमी गाळली तेव्हाही ती अशीच बसली असणार.

सुमतीने बोट मागे घेतले.

"देशी साखर घेणाऱ्यांस इशारा," ती वाचू लागली. "जुन्नर तालुक्याच्या पूर्वभागात शुद्ध देशी म्हणून विकली जाणारी साखर ही प्रत्यक्षात मोरस असून, पोती बदलून व खुणा पुसून लोकांच्या गळी उतरवली जात आहे, असे आमच्या बातमीदाराने खात्री करून कळविले आहे."

"आगं बया!" कुशाबाई म्हणाली. "हाडांची?"

"गप, ऐकू दे."

खोलीत कुजबुज उठली. संक्रांतीला काय केले, पोराच्या बारशाला कुठून आणली, कोण कोणाच्या घरी काय जेवले. सुमतीने मान वर केली नाही, पण कोपऱ्यातली माळ थांबली होती. मण्यांचा तो बारीक आवाज बंद झाल्यावरच तो इतका वेळ चालू होता हे तिला कळले.

"हा अपवित्र माल पुरविणारे बेल्हे येथील व्यापारी..."

ती थांबली.

इतका वेळ तिने एकच विचार केला होता, वाचायचे की गाळायचे. वाचायचे म्हणजे काय वाचायचे, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. पुढचे दोन शब्द म्हणजे नवऱ्याचे नाव आणि सासऱ्यांचे. सासरे वारले तरी त्यांचे नाव तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. नवऱ्याचे निघाले होते ते उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवले म्हणून. तिने तोंड उघडले. जीभ टाळ्याला लागून राहिली.

"का ग थांबलीस?" ठमाबाईने विचारले.

सुमती कागदाकडे पाहत राहिली.

"आक्षर पुसाट हाय व्हय? मागं त्या भिजल्या अंकात तसंच झालं व्हतं. पुसाट आसंल तर फुडं चल."

कोणीही काही म्हटले नसते. सोमाजीला वाचता येत नव्हते. अंक वाचन झाल्यावर घरी यायचा होता.

"नाही," सुमती म्हणाली. "अक्षर स्वच्छ आहे."

"मग वाच की बाई," कुशाबाई म्हणाली. "कोन हाय त्यो मुडदा, कळू दे तरी. बेल्ह्यात येपारी काय येकच हाय?"

"कुशे."

"काय कुशे? मी काय वंगाळ..."

"गप बस म्हनते ना."

ठमाबाई आता सुमतीच्या ओठांकडे पाहत नव्हती. ती तिच्या कपाळाकडे, कुंकवाकडे पाहत होती. हळूहळू एकेक बाई गप्प झाली. कोणी कोणाला काही सांगितले नाही. कुशाबाईने आधी ठमाबाईकडे पाहिले, मग सुमतीकडे, आणि पदराचे टोक तोंडात धरले. उगमबाईंचे डोळे उघडे होते. त्या समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

ओसरीवर अजून काही कळले नव्हते. "काय झालं? वाचन राह्यलं का?" असे कोणी तरी विचारले. "कागुद फाटला आसंल," दुसरा म्हणाला. "नाव सांगा की राव, दुकान तरी कळंल!" त्यावर दोघेचौघे हसले.

सुमतीचे बोट त्या दोन शब्दांच्या अलीकडे होते. मागे जाता येत नव्हते आणि पुढे जाता येत नव्हते. मजकूर अर्धा वाचून सोडला तर तो गाळल्यासारखाच होता. आणि घरधनी असे म्हणावे तर सासू समोर बसली होती.

तेवढ्यात ओसरीवरचे हसणे एकाएकी थांबले. कोणी तरी मागून, पायरीकडून, माणसांमधून वाट काढत पुढे येत होते. "आरं, जरा सरका, शेटना येऊ द्या," सोमाजी म्हणाला. चिकेवर सावली पडली आणि खोलीतला उजेड कमी झाला. तो अंक न्यायला आला असेल, सुमतीच्या मनात आले. तो वाचनाला कधीच येत नसे. कधीपासून तो पायरीवर उभा होता कोण जाणे.

काड्यांच्या फटींतून त्याचा चेहरा दिसत नव्हता. उपरण्याचे टोक तेवढे दिसत होते. ते त्याने मुठीत धरले होते. मग त्याने घसा साफ केला. परक्या गावात कोणी कुठले म्हणून विचारल्यावर माणूस सांगतो तशा आवाजात तो म्हणाला,

"धरमचंद जवरीलाल."

सुमतीने बोट त्या दोन शब्दांवरून पुढे सरकवले.

"यांच्या दुकानातून," तिने वाचले, आणि वाक्य पुरे केले.