डाव्या बाहीचा डाग

मास्तरांना आपल्या बायकोचा हेवा वाटायचा. हे त्यांच्या तोंडावर कुणी म्हटलं असतं तर त्याची काही धडगत नव्हती, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. बायको परक्या पुरुषाकडे बघून हसली म्हणून जळणारे नवरे गल्लोगल्ली सापडतात. मास्तर जळायचे ते एका वाटीवर.

मास्तरांचा शाळेशी संबंध सातवीतच संपला होता. लाँड्रीच्या मागच्या खोलीत डाग काढायचं टेबल होतं, त्यावर ते तेवीस वर्षं बसत होते, म्हणून मास्तर. टेबलावर नऊ बाटल्या, त्यांच्यावर नऊ आकडे, आणि कुठल्या बाटलीत काय आहे हे फक्त त्यांना ठाऊक. डागाळलेला कपडा आधी त्यांच्यापुढे यायचा. ते डाग नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. कॉफी, दूध घातलेली. किंवा बुटाचं पॉलिश. किंवा हे रक्त आहे, गरम पाण्यात टाकाल तर जन्माचं बसेल. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. गंज असला तर सात नंबर. सात नंबरचे दोन थेंब पडले की गंज बघता बघता उडायचा, आणि मास्तरांच्या बोटांची सालटंही उडायची. सालटांचं त्यांना काही वाटत नसे. उलट पाहुण्यांपुढे ते बोटं मुद्दाम पसरून बसत.

घरातही त्यांचंच राज्य होतं. नळावरचा पांढरा थर असो की न्हाणीघरातल्या फरशीवरचं गंजाचं वर्तुळ, मास्तर बाटली घेऊन यायचे, सगळ्यांना बाहेर काढायचे आणि खोकत खोकत विजयी मुद्रेने परतायचे. मग मुलगी महिनाभर राहायला आली. तिच्याबरोबर दीड वर्षाची नात आली, आणि नातीला दिसेल ती वस्तू चाटून बघायचा नाद होता. एका सकाळी ती न्हाणीघरातला नळ चाटताना सापडली. नशीब, त्या दिवशी नळावर काही लावलेलं नव्हतं. बायकोने पोरीला कडेवर घेतलं, सात नंबरची बाटली कागदात गुंडाळली आणि मास्तरांच्या हातात दिली. ही लाँड्रीत राहू दे, घरात नको, एवढंच म्हणाली.

मग तिने एका स्टीलच्या वाटीत लिंबाचं सत्त्व घेतलं, त्यात मीठ टाकलं, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब आणि कोमट पाणी घालून लापशीसारखं कालवलं. बादलीखालच्या गंजावर ते थापलं, वर ओलं फडकं टाकलं आणि जेवायला बसली. मास्तर हसले. फरशीला सरबत पाजतेस का, असं त्यांनी विचारलं. दोन तासांनी फडकं उचललं तर गंज निम्मा उतरला होता. तिने पुन्हा थापलं. दिवस मावळायच्या आत फरशी कोरी करकरीत झाली.

मुलीने विचारलं, हे पोरीने चाटलं तर? बायको म्हणाली, तोंड आंबट होईल, दुसरं काय. दोघी हसल्या. त्या हसण्यात मास्तरांबद्दल एक अक्षरही नव्हतं, पण मास्तरांना ते लागलं. तेवीस वर्षं त्यांनी जे अंगाची कातडी सोलून केलं, ते ही बाई जेवता जेवता करत होती.

पुढे वाटीची कीर्ती व्हायला वेळ लागला नाही. शेजारणीच्या खिडकीचे गज झाले, वरच्या मजल्यावरची किटली झाली, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने तर चाकांची गंजलेली कडीच आणून ठेवली. मास्तरीणबाई, मास्तरीणबाई, असं दारात दिवसभर चालायचं. आधी दारात फक्त मास्तर, मास्तर असं चालायचं. मास्तर आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचे आणि एकच ओळ चारदा वाचायचे. कुणाच्या गजावरचा गंज राहिला असं ऐकलं की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं.

जेवण गोड लागायचं म्हणजे नुसतं गोडच लागायचं. कारण मास्तरांचं नाक मेलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका सर्दीत वास गेला. सर्दी बरी झाली, वास काही परतला नाही. डॉक्टरांनी बाटल्यांची चौकशी केली आणि मान हलवली. हे मास्तरांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. वासावरून डाग ओळखणाऱ्याला वास येत नाही, हे कळलं तर टेबलावर कोण ठेवील? पण काम अडलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय मास्तर स्वतःच्या हुशारीला देत. बायकोही त्याच खोलीत काम करायची. खिडकीपाशी खुर्ची टाकून ती निघालेली बटणं लावायची, उसवलेलं शिवायची, त्यामुळे कपडे आधी तिच्या हातून जायचे. ती आपली स्वतःशीच पुटपुटायची. अगबाई, कॉफी सांडली वाटतं. ई, हे मशीनचं तेल. मास्तर कान देऊन ऐकायचे, मग गिऱ्हाइकासमोर कपडा नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. बायकोच्या नाकावर आपण फुकट जगतो आहोत आणि तिला पत्ताही नाही, याची त्यांना गंमत वाटायची. वाटी आल्यापासून ती गंमत गेली. नाकही तिचं, वाटीही तिची, मग आपलं काय उरलं, असं त्यांच्या मनात यायचं आणि अंगाची लाही व्हायची.

वाटीची खबर मालकीणबाईंपर्यंत पोचली. लाँड्री त्यांची. गिऱ्हाइकं अलीकडे कुरकुर करत होती: कपड्यांना उग्र दर्प येतो, अंगाला खाज सुटते. अशात एका लग्नघरातून पोशाख आला. पांढरं रेशीम, नवरीच्या आईने तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नात घातलेलं. मनगटापाशी लोखंडी हूक होते, त्यांनी दोन्ही बाह्यांवर गंजाचे तपकिरी डाग उमटवले होते. लेक आता तोच पोशाख घालणार होती. मालकीणबाईंनी तो टेबलावर पसरला आणि सरळ सांगून टाकलं की उजवी बाही मास्तरांनी करावी, डावी वहिनींनी. जी चांगली होईल तिच्या पद्धतीने यापुढे काम चालेल, आणि टेबलही त्याच माणसाकडे जाईल.

तेवीस वर्षांचं टेबल, आणि फैसला एका बाहीवर. बायको नको नको म्हणाली, पण मालकीणबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मास्तरांनी सात नंबर काढला. वीस मिनिटांत उजवी बाही डागमुक्त. त्यांनी ती धुतली, टिपली आणि उजेडात धरली. डाग गेला होता, पण डागाच्या जागी रेशमाची चकाकी मेली होती. रुपयाएवढा एक ठिपका मंद दिसत होता, बाकी कापड चमकत होतं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. मास्तरांच्या आलं, कारण ते मास्तर होते.

डावीकडे बायकोने पातळसर कालवण डागावर लावलं होतं, वर ओला कपडा. तासातासाने उघडून बघायची, धुवायची, पुन्हा लावायची. घाई नाही, गडबड नाही. दुपारी तीनला मास्तरांनी तिच्या पाठीमागून डोकावून पाहिलं. डाग अर्ध्याहून जास्त उतरला होता आणि रेशीम जसंच्या तसं चमकत होतं. अजून दोन वेळा लावलं की संपलं. ही जिंकणार होती, आणि जिंकल्यावर वर म्हणणार होती की यात काय एवढं.

ती कोमट पाणी आणायला बाहेर गेली. वाटी टेबलावर होती. मास्तरांचा हात दोन नंबरकडे गेला. दोन नंबर म्हणजे कपडे शुभ्र करायचं जालीम पाणी. गंजावर ते पडलं की गंज उतरायचा थांबतो, उलट पक्का बसतो, आणि रेशीम पिवळं पडतं ते निराळंच. हे मास्तरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. परक्या पोरीच्या लग्नाचा पोशाख आहे, हेही ठाऊक होतं. पण त्या क्षणी त्यांना फक्त डावी बाही दिसत होती. त्यांनी अर्धं बूच वाटीत ओतलं, चमच्याने ढवळलं, बाटली जागेवर ठेवली आणि हात पुसून उजव्या बाहीपाशी जाऊन उभे राहिले.

एक गोष्ट ते साफ विसरले. दोन नंबरचा वास मेलेल्याला उठवील असा होता, आणि आंबट वाटीत पडल्यावर तर त्यातून नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी वाफच उठली. डोळे चुरचुरायची मास्तरांना रोजची सवय होती, आणि वासाच्या बाबतीत त्यांच्या लेखी ते दोन वर्षं नुसतं पाणी होतं.

बायको दारातच थबकली. तिने नाकाला पदर लावला, पाणी खाली ठेवलं, खिडकी सताड उघडली, वाटी उचलून मोरीत उपडी केली आणि वर नळ सोडला. मास्तरांना दंडाला धरून तिने खिडकीपाशी आणलं. मग त्यांच्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही, चाटू नये ते चाटलेल्या नातीकडे बघावं, तसं.

तेवढ्यात खोकत खोकत मालकीणबाई आल्या. हा कसला वास, म्हणून त्यांनी विचारलं.

"माझ्याकडून झालं, बाई," बायको म्हणाली. "पाण्याची समजून भलतीच बाटली ओतली वाटीत. बाहीला लागलं नाही, पण माझी वाटी आता बाद धरा. टेबल त्यांचंच राहू दे."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. असल्या चुका होणार असतील तर वाटीचा विषय इथेच संपला, म्हणाल्या.

म्हणजे मास्तर जिंकले होते. टेबल राहिलं, बाटल्या राहिल्या. त्यांनी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण त्यांना जो हेवा वाटला, तसा वाटीवरूनही कधी वाटला नव्हता. फरशीत हिने हरवलं, गजांत हरवलं, रेशमात हरवलं, आणि आता मोठेपणातही हीच पुढे? चोरी आपण करायची आणि चांगुलपणा हिने मिरवायचा? हे त्यांना सहन होईना.

"ती खोटं बोलते," मास्तर म्हणाले. "मी ओतलं. मुद्दाम ओतलं. मला वास येत नाही, म्हणून कळलं नाही. दोन वर्षं झाली, मला कसलाच वास येत नाही."

मालकीणबाईंनी विचारलं, "मग दोन वर्षं डाग ओळखत होतात ते कसे?"

हिची बडबड ऐकून, असं मास्तर सांगणार होते. सगळं सांगितलंच आहे तर हेही सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं. पण बडबड हा शब्द ओठांवर येता येता अडकला. ही बाई घरी दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायची. तिच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागते, असं मुलगी म्हणायची. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यांतली पंधरा ती याच खिडकीपाशी बसत होती. तिला स्वतःशी पुटपुटताना मास्तरांनी ऐकलं होतं ते फक्त याच खोलीत, फक्त डागांबद्दल, आणि फक्त गेली दोन वर्षं.

त्यांनी वळून पाहिलं. बायको नळ बंद करत होती.

"अनुभवाने, बाई," ती मागे न बघता म्हणाली. "तेवीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा."

मास्तर खिडकीपाशी गेले, तिची खुर्ची उचलली आणि टेबलापाशी आपल्या खुर्चीशेजारी आणून ठेवली.