डाव्या मांडीवरची जाळी

न दुखणाऱ्या दुखण्याइतकं वाईट दुखणं नाही. दुखलं की माणूस ओरडतो आणि चार जण धावून येतात. पुष्करच्या डाव्या मांडीवर तपकिरी जाळी उमटली होती. ती ना दुखत होती, ना खाजत होती, म्हणून तर त्याची झोप उडाली होती. साताऱ्याला शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं त्याला तोंडपाठ होतं: न दुखणारा, न खाजणारा चट्टा महारोगाचा असू शकतो. खाली ‘उपचाराने बरा होतो’ असंही लिहिलेलं होतं, पण भित्र्या माणसाला अर्धंच आठवतं.

श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात तो इंजिनियर होता. राहायला तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजमध्ये, खाट आणि ट्रंक एवढंच सामान मावणाऱ्या खोलीत. वैशाखात तनयाशी लग्न ठरलेलं. आणि तीन आठवडे हा रोज संध्याकाळी खाटेवर बसून लॅपटॉपवर तिला एकच मेल लिहीत होता: लग्न मोडू या, कारण विचारू नकोस. लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. पाठवायची छाती होत नव्हती, आणि जाळी तर दिवसेंदिवस गडद होत चालली होती.

शेवटी त्याचा उतरलेला चेहरा बघून मॅन्शनचे मॅनेजर वेंकोबा यांनी त्याला डॉक्टर कनकाबाईंकडे पिटाळलं. वेंकोबा आणि डॉक्टर दोघंही तंजावरकडचे मराठी. “अक्का औषध थोडं देतात, विचारतात पुष्कळ,” वेंकोबा म्हणाले.

कनकाबाई सत्तरीच्या, किरकोळ अंगाच्या. पुष्करने आधीच सांगून टाकलं, “हात लावू नका, डॉक्टर. मला काय झालंय ते माहीत आहे.”

“माहीत आहे तर मजकडं कशास आलास, तंबी?” म्हणत बाईंनी उघडा तळहात सरळ त्या जाळीवर ठेवला. तीन आठवड्यांत त्याने स्वतःही तिथे बोट लावलं नव्हतं. त्याला एकदम रडूच आलं.

“डोळे मीट. कापूस लागेल तिथं बोट ठेव.” बाईंनी दहा ठिकाणी कापूस टेकवला आणि दहाही वेळा त्याचं बोट अचूक गेलं.

“सरी, बरोबर! दुखत नाही म्हणजे कळत नाही, असं नव्हे. तुजला सगळं कळतंय. ज्यास भितोस त्या रोगात चट्टा बधीर होतो. तो रोग हा नव्हे.”

दुसऱ्या कुणी इथे मलमाची ट्यूब लिहून बोळवण केली असती. बाई म्हणाल्या, “आता खोलीत बसतोस तैसा बसून दाखव.”

तो तपासायच्या पलंगावर मांडी घालून बसला. उजव्या मांडीवर माउससाठी उशी घेतली, आणि डावीवर सवयीने आपली बॅग ओढली. जाळी बरोबर बॅगेखाली झाकली गेली.

“आत काय?”

“लॅपटॉप.”

“तापतो?”

“डावीकडून फार. पण चटका बसत नाही.”

“चटका बसता तर तूच उचलला असतास. हा रोजचा मंद शेक. तंजावरास आमच्या स्वयंपाकिणीच्या नडग्यांवर हीच जाळी होती, चुलीपुढं बसून बसून.”

यंत्र बिघडलं की ते उभं असताना बघू नका, चालतं करून बघा, हे पुष्कर कारखान्यात सगळ्यांना सांगायचा. स्वतःच्या मांडीच्या बाबतीत मात्र सुचलं नव्हतं. ते या बाईंना सुचलं, आणि वर त्याचा काही तोराही नाही. त्यांच्या पाया पडावं असं त्याला वाटलं, आणि तो पडलाच.

बाईंनी चिठ्ठी लिहिली: मेज, एक. “दोन महिन्यांनी दाखव. फिकी झाली नाही तर पुन्हा बघू. घरी कोणास सांगितलंस?”

“कुणालाच नाही. लग्न मोडायची मेल तेवढी लिहीत होतो. रोज दोन-दोन तास.”

“मांडीवर घेऊन?”

“मांडीवरच,” पुष्कर म्हणाला. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

त्या संध्याकाळी लॅपटॉप ट्रंकेवर ठेवून, स्वतः जमिनीवर बसून त्याने तनयाला सगळं लिहिलं. शाळेच्या भिंतीवरच्या मजकुरापासून चिठ्ठीपर्यंत, काही न लपवता, आणि पहिल्याच फटक्यात पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं.

“टेबल दोघं मिळून घेऊ. पण यापुढे काही झालं तर आधी मला सांगायचं, मग घाबरायचं.”