फ्रीगंजमधला मुजरा

श्रीनाथ चिटणीसला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक कानाचा, दुसरा मानेचा. कान तयार होता, यात वाद नव्हता. शनिवारी ऐकलेल्या धुनेत मेंडोलिन कुठे घसरलं, हे तो सोमवारी कचेरीत फायलीवरून नजर न काढता सांगत असे. आणि मान? ती कुणापुढे वाकत नाही, असं तो स्वतःच सांगत असे. उज्जैनच्या टावर चौकात चहाच्या दुकानापुढे उभा राहून, कपबशी हातात घेऊन, येईल त्याला सांगत असे. "राजेशाही गेली, जहागिऱ्या गेल्या. आता कोण सरदार नि कोण चिटणीस! सगळे बराबर. है कि नहीं?" ऐकणारे हो म्हणत, कारण चहा बहुतेक वेळा श्रीनाथच पाजत असे.

त्याच्या घराण्यानं पाच पिढ्या भय्यासाहेबांच्या घराण्याची पत्रं लिहिली होती. भय्यासाहेब म्हणजे उज्जैनजवळच्या सात गावांचे जहागीरदार. श्रीनाथ पाच वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला मुजरा शिकवला. कमरेत वाकायचं, उजवा हात जमिनीपर्यंत न्यायचा, मग कपाळाला लावायचा, असं तीनदा. चुकला की छडी. पुढे स्वातंत्र्य आलं, संस्थान मध्यभारतात विलीन झालं, मग कायद्यानं जहागिऱ्याही गेल्या. श्रीनाथ तहसील कचेरीत कारकून झाला. मुजरा वडिलांच्या पगडीबरोबर ट्रंकेत गेला, असा त्याचा समज होता.

फ्रीगंजात एका सायकलच्या दुकानावर लांबट खोली होती. आठवडाभर तिथे टायर ठेवलेले असत. शनिवारी संध्याकाळी सहाला टायर एका भिंतीला लावून सतरंजी अंथरली जाई आणि तिघंजण वाजवायला बसत. प्रभाकर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता, तो मेंडोलिन वाजवायचा. रमेशचं किराण्याचं दुकान होतं, तो ढोलकवर. आणि विनोदिनी ही मुलींच्या शाळेतली मास्तरीण. ती मांडीवर आडवी गिटार घेऊन तारांवरून पोलादी कांडी फिरवायची. ही मंडळी फक्त स्वतः बांधलेल्या धुना वाजवत. कुणी सिनेमातलं गाणं मागितलं, की प्रभाकर म्हणे, "भाई, समोर हलवायाकडे रेडिओ लावलेला आहे, तिकडे जाऊन ऐका."

ऐकायला वीस-पंचवीस माणसं येत. निम्मी आपली मराठी, जुन्या दरबारी घरांतली, बाकीची माळव्यातली. रबराचा वास डोक्यात जाई, पंखा नव्हता, आणि जिना वर यायचा तो थेट वाजवणाऱ्यांच्या शेजारी, त्यामुळे उशिरा येणारा सगळ्यांच्या डोळ्यांत यायचा. तरी माणसं येत. बाहेर कुणी या तिघांचं नाव ऐकलेलं नव्हतं, म्हणूनच त्या पंचवीस जणांना ते आपले वाटत. श्रीनाथनं तीन वर्षांत एक शनिवार चुकवला नव्हता. कचेरीत तो कारकून होता आणि घरी चिटणिसांचा श्रीनाथ. तिथे, त्या सतरंजीवर, तो फक्त एक चांगला ऐकणारा होता.

छप्पन सालचा ऑक्टोबर होता. एक नोव्हेंबरला मध्यभारत मोडून नवं मध्यप्रदेश राज्य व्हायचं होतं आणि कचेऱ्या भोपाळला हलत होत्या. विनोदिनीचा भाऊही हलणार होता. ती भावाकडेच राहायची, म्हणजे तीही जाणार. जाण्याआधी तिला एक धून वाजवायची होती. तीन वर्षं तिनं प्रभाकरच्याच धुनांना साथ केली होती. ही तिची स्वतःची पहिली धून. वर्षभर माधवनगरच्या घरात दार लावून तिनं ती बांधली होती आणि अजून कुणालाही ऐकवली नव्हती.

"श्रीनाथराव," ती म्हणाली, "मला फार धाकधूक होतेय. तुम्ही अगदी समोर बसा. धून पूर्ण होईपर्यंत हलू नका. एक माणूस जरी मन लावून ऐकताना दिसला न, तर मी निभावून नेईन."

"बिलकुल हलणार नाही," श्रीनाथ म्हणाला. "छप्पर कोसळलं तरी."

त्या आठवड्यात त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्याच्याकडे कुणी एवढं मोठं काही मागितलं नव्हतं.

शनिवारी तो अर्धा तास आधी जाऊन पहिल्या ओळीत मधोमध बसला. धून सुरू झाली. सुरुवातीला विनोदिनीची कांडी तारेवरून जरा घसरली. तिनं मान वर करून श्रीनाथकडे पाहिलं, त्यानं हलकेच होकार दिला, आणि सूर जागेवर आला. मेंडोलिन थांबलं, ढोलक दबकी झाली, एकटी गिटार वर चढू लागली. खोलीत कुणी खोकतसुद्धा नव्हतं. तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी भय्यासाहेब दिसले.

साधं धोतर, साधी काळी टोपी. मागे हुजऱ्या नाही, काही नाही. सत्तरीचा म्हातारा जिना चढून धापा टाकत उभा होता आणि बसायला जागा शोधत होता.

आता श्रीनाथनं काय करायला हवं होतं? काही नाही. काही न करणं एवढंच तर त्याच्याकडे मागितलं होतं. पण तो ताडकन उठला, कमरेत वाकला आणि एक नाही, दोन नाही, चांगले तीन मुजरे त्यानं घातले. मुजरा मी केला नाही, तो झाला, असं तो पुढे सांगू लागला. खोटं आहे. तिसऱ्या वेळी हात कपाळाला नेताना त्यानं टोपी सावरली होती. आपोआप घडणाऱ्या गोष्टीत माणूस टोपी सावरत नाही.

तो उठला म्हणून मागचे दोघं उठले. ते उठले म्हणून सगळी दरबारी घरं उठली. माळव्यातल्या मंडळींना वाटलं आग-बीग लागली, तेही उठले. रमेशची ढोलक थांबली. विनोदिनीनं मान वर केली तेव्हा तिच्यापुढे श्रीनाथची वाकलेली पाठ होती.

"अरे, बसा बसा," भय्यासाहेब कसनुसे होऊन म्हणाले. "आम्ही मागे बसतो."

"छे छे, सरकार, इथं बसावं!" श्रीनाथ म्हणाला, आणि स्वतःची जागा, ती समोरची जागा, त्यानं उपरण्यानं झटकून त्यांना दिली.

भय्यासाहेब बसले. "चालू द्या," ते हळूच म्हणाले. विनोदिनीनं कांडी खाली ठेवली.

"संपलं," ती म्हणाली आणि गिटारवर कापड घातलं.

संपलं नव्हतं, हे लहान पोरालाही कळलं असतं. भय्यासाहेब गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि जिना उतरून गेले. पुन्हा सगळे उभे राहिले. श्रीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रभाकर मेंडोलिन पुसत त्याच्याजवळ आला. "भाऊ, मुजरा एक नंबर होता हं. पाच पिढ्यांचा रियाज दिसला."

पुढचे दिवस श्रीनाथनं टावर चौकातून जाणं सोडलं. लांबच्या गल्लीनं कचेरी गाठायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं लोक म्हणत असतील, याची त्याला खात्री होती. लोकांचं एक वेळ सोसलं असतं. पण जेवताना, फायली बांधताना, मधेच त्याला आपण उपरण्यानं सतरंजी झटकतोय असं दिसे आणि कान तापत. कुणी हुकूम केला नव्हता. कुणी अपेक्षासुद्धा केली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या पिळाची लाज एवढी भाजते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी तो माधवनगरला गेला. विनोदिनी ओसरीवर पितळेची भांडी कागदात गुंडाळत होती. त्यानं माफी मागितली. वडील, छडी, लहानपण, सगळं सांगून झालं. ती भांडी गुंडाळत राहिली.

"मला मुजऱ्याचा राग नाही आला, श्रीनाथराव," ती शेवटी म्हणाली. "आमच्याही घरात करत होते. पण भय्यासाहेब जिन्यात दिसले ते सगळ्यांत आधी तुम्हाला. मी वाजवत होते नि तुमचं ध्यान दाराकडे होतं. मी समजत होते, तुम्ही मला ऐकताय."

ते खरं होतं.

"शनिवारी पुन्हा वाजवणार आहे. सोमवारी आम्ही निघतो. तुम्हाला यायचं तर या. पण समोर बसू नका."

शनिवारी सहा वाजून गेल्यावर तो गेला. आत जायचं नाही, जिन्यातच उभं राहून ऐकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. या वेळी फक्त ऐकायचं, बाकी जग बुडालं तरी. तिच्यापाशी नाही तर निदान स्वतःपाशी एवढं शाबूत राहिलं पाहिजे. तो चढू लागला. जिन्याच्या मध्यावर, एका पायरीवर, जोडे दोन पायऱ्या खाली काढून भय्यासाहेब बसले होते.

"कोण? चिटणिसांचा श्रीनाथ?" ते कुजबुजले. "ये. वर गेलो की सगळे उठतात रे. मागल्या खेपेला फार वाईट वाटलं. इथून छान ऐकू येतं. मुजरा-बिजरा नको. बस."

श्रीनाथचा हात अर्ध्यावर थांबला. बसायचं कुठे? शेजारी त्याच पायरीवर? चिटणिसांचा कुणी सरदारांच्या मांडीला मांडी लावून बसला नव्हता. वरच्या पायरीवर? म्हणजे सरदारांच्या डोक्यावर. राहिल्या खालच्या पायऱ्या. तो दोन पायऱ्या खाली बसला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की भय्यासाहेबांकडे आपली सरळ पाठ झाली आहे. धन्याला पाठ दाखवायची नसते. तो जरा वळला. तरी अर्धी पाठ राहिली. एक गुडघा पायरीवर टेकून, कठड्याला धरून, तो आणखी वळला. कमरेत कळ आली.

वर गिटार सुरू झाली होती. आपण ऐकलं पाहिजे, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण पाय भय्यासाहेबांच्या जोड्यांना लागत होता, तो मागे घेतला. मग वाटलं, टोपी वाकडी झाली असेल. मग वाटलं, आपल्या अशा बसण्यानं त्यांना अवघडल्यासारखं होत असेल, म्हणून तो तसाच गोठल्यासारखा बसला. श्वाससुद्धा जपून घेत होता. एकदम टाळ्यांचा कडकडाट झाला आणि धून संपल्याचं त्याला कळलं.

भय्यासाहेब डोळे पुसत होते. "काय वाजवलं रे पोरीनं! मधे ती थांबली, ते ऐकलंस? मला वाटलं, विसरली. आणि मग कुठून उचललं!"

"जी, सरकार," श्रीनाथ म्हणाला. त्याला एक सूर आठवत नव्हता.

वर पावलं वाजली. विनोदिनी जिन्याच्या तोंडाशी आली. घामाघूम, हसरी, कांडी अजून हातातच होती. श्रीनाथला पाहून ती दोन पायऱ्या खाली उतरली.

"तुम्ही इथे होता? ऐकलंत? पूर्ण?"

श्रीनाथनं तोंड उघडलं, पण भय्यासाहेबांनी आधीच उत्तर दिलं. "अगं, ऐकलं म्हणजे! माझ्या नजरेसमोर बसला होता. शेवटपर्यंत हललासुद्धा नाही."

विनोदिनीचे डोळे भरून आले. "मग माझी काही तक्रार नाही, श्रीनाथराव," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत, बस झालं. आता खुशाल जाते भोपाळला."

श्रीनाथनं मान खाली घातली आणि ती तशीच ठेवून म्हणाला, "फार छान झालं."