तीन किलोमीटर जास्त

मी स्कूटर बोलतेय. रंग आकाशी होता, आता गंज चढलाय. जिन्याखाली उभी असते, दोन्ही चाकांतली हवा गेलेली. तुम्ही थांबलातच आहात, तर ऐका.

एका मोजणीदाराने मला लग्नाआधी आपल्या होणाऱ्या बायकोसाठी घेतलं. ती तलावावर पोहायला शिकवायची. तिशी उलटली तरी पाण्याला भिणारा हा गडी तिच्याकडे शिकायला गेला आणि तिच्या हातांवर तरंगता तरंगता प्रेमात पडला. लग्नानंतरचं पहिलं वर्ष दोघं उगाचच गावभर हिंडायची. ती चालवायची, तो मागे बसून बेसूर गायचा. मला वाटायचं, आपलं नशीब फळफळलं.

मग त्याच्या डोक्यात किडा शिरला. तिच्या हातांवर आता दुसरी माणसं तरंगत होती.

"मलाही अशीच धरायचीस ना? अशीच हसायचीस."

"अरे, बुडत होतास तू!" ती हसली. तो हसला नाही.

तेव्हापासून ती घरी आली, की तो खाली उतरून माझ्या मीटरवर वाकायचा. जमिनी मोजणारा माणूस. घर ते तलाव, जाऊन-येऊन आठ किलोमीटर, हे त्याला तोंडपाठ. एके दिवशी अकरा भरले.

"शिकायला येणाऱ्या एका आजींना घरी सोडलं," ती म्हणाली. "गुडघे धरले होते त्यांचे."

दुसऱ्या दिवशी त्याने आजींच्या दारात उभं राहून, शेजाऱ्यांच्या देखत त्यांची उलटतपासणी घेतली. आजी हो म्हणाल्या, आणि पुन्हा तलावावर फिरकल्या नाहीत. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "म्हातारीला छान पढवलंयस. पुन्हा आकडा चुकला, तर तलाव बंद."

त्यानंतर ती भाजीसुद्धा पायी आणायची.

एका दुपारी तिच्या भावाचा फोन आला. बाबांना हॉस्पिटलात नेलं होतं. तिने नवऱ्याला तीनदा फोन लावला. तो कुठल्याशा माळावर मोजणीत, फोन लागेना. ती धावत खाली आली, माझ्यावर बसली, किल्ली फिरवली. टाकी भरलेली होती. पंधरा मिनिटांत पोचवलं असतं मी तिला. तेवढ्यात तिची नजर मीटरवर गेली. मला बंद करून ती बसथांब्याकडे पळत सुटली.

ती पोचली, तेव्हा बाबांच्या तोंडावर चादर ओढून झाली होती.

संध्याकाळी भाऊ तिला घेऊन आला, तेव्हा नवरा माझ्यापाशी वाकलेला होता. खुशीत म्हणाला, "आज स्कूटर कुठे नेली नाहीस वाटतं? शहाणी!"

"बाबा गेले," ती म्हणाली. "मी बसने गेले. उशीर झाला."

तो मीटरवरून सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "अगं, मग स्कूटर नाही का न्यायची?"

किल्ली त्याच्या तळहातावर ठेवून ती भावाबरोबर निघाली, ती कपडे न्यायलाही परत आली नाही.

त्याला पाच वर्षं झाली. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "फार जीव होता माझा तिच्यावर." लोक हळहळतात. तो डोळे पुसतो, आणि खरंच रडत असतो.

माझं एकच मागणं आहे. मला भंगारात घाला. वितळवून खिळे करा, पत्रे करा, काहीही करा. पण रंग देऊन, धुऊन-पुसून, प्रेमाची भेट म्हणून मला पुन्हा कुणाच्या हाती देऊ नका.