सड्यावरचा भंडारा

पाटणच्या डोंगरशर्यतीला धुळा आला तो बक्षिसासाठी नव्हे. त्याला मानसिंगाच्या नरडीचा घोट घ्यायचा होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. चैत्रात जतच्या माळावर लांब पल्ल्याची शर्यत झाली. वाटेत एका बाभळीखाली पळणाऱ्यांसाठी पाण्याचा डेरा ठेवला होता. सगळ्यांच्या पुढं होता मानसिंग, कराडकडच्या ऊसवाल्या घरातला फौजी. तो पोटभर पाणी प्यायला आणि उरलेला डेरा त्यानं लाथेनं उलथवला. मागून येणारा धुळाचा धाकटा भाऊ अर्जुना ऊन लागून तिथंच कोसळला. जीव वाचला, पण डोकं कामातून गेलं. आता आत्ता ऐकलेलं आत्ता विसरतो. एका मेंढक्यानं सगळं लांबून पाहिलं होतं. पण डेरा आधीच फुटलेला होता, असं मानसिंग पंचांना म्हणाला. मेंढक्यापेक्षा फौजीचा शब्द भारी ठरला.

श्रावणात मानसिंग रजेवर येऊन पाटणला पळणार असं कळलं, तसा धुळाही तिथं हजर झाला. डोक्यावर घोंगडीची खोळ बघून लोक हसले. मानसिंग नुसत्या बनियनवर होता. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, थांबू नका, बसू तर मुळीच नका, असं गावकऱ्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

सड्यावर पाऊस आडवा मारत होता. धुक्यात हात दिसेना. बरेच जण अर्ध्यातून माघारी फिरले. धुळा दातओठ खात पुढं गेला, तर एका खडकाच्या आडोशाला मानसिंग बसलेला. बनियन काढून टाकलेलं, ओठ काळेनिळे, आणि गारठ्यानं भ्रमिष्ट होऊन म्हणत होता की उकडतंय.

धुळाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं. त्याला काही करावंही लागणार नव्हतं, फक्त पुढं निघून जायचं होतं. तो उभा राहून डोळे भरून बघत राहिला.

तेवढ्यात मानसिंगानं मान वर केली. "अर्जुना, तू व्हय रं?"

धुळाचा पाय अडला. ज्याच्यावर बेतलं त्याला काही आठवत नव्हतं, आणि ज्याला आठवत होतं तो इथं मरायला टेकला होता. मेला की हा कायमचा सुटणार.

गारठलेलं कोकरू धनगर घोंगडीत घेऊन उघड्या पोटाशी धरतो. धुळानं मानसिंगाला तसंच धरलं. त्यात माया तसूभर नव्हती. घोंगडी भिजली होती, तरी आतली ऊब टिकून होती. बऱ्याच वेळानं मानसिंग थडथडू लागला, मग त्यानं धुळाला ओळखलं आणि घाबरला.

धुळानं कमरेच्या पिशवीतला बिरोबाचा भंडारा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"अर्जुनाच्या म्होरं बसून सांगायचं, काय केलंस ते. शपथ घे, न्हाईतर घोंगडी काढून घेतो."

मानसिंगानं भंडारा कपाळाला लावला.

रजा संपायच्या आत तो एसटीनं जतला आला, हातात कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. धुळाची आई रंगुबाई त्याच्याकडं न बघता आत गेली. मानसिंग अर्जुनासमोर बसला. डेरा, लाथ, पंचांपुढचं खोटं, सगळं त्यानं खाली मान घालून सांगितलं. सांगता सांगता रडला.

अर्जुनानं मन लावून ऐकलं. "लय वाईट झालं गड्या," तो म्हणाला. "कोसळला त्यो कुणाचा भाऊ?"

अर्जुनानं एक पेढा खाल्ला, अंगणातल्या मेंढरांकडं थोडा वेळ बघितलं, मग मानसिंगाकडं वळून हसला.

"पाव्हणं कुठलं? पाय लय भक्कम हायती तुमचं. कवा शर्यतीत पळालाय का?"

मानसिंग उठला आणि दाराकडं वळला. उंबऱ्यावर धुळा बसला होता. तो हलला नाही.

"बस खाली," धुळा म्हणाला. "त्यानं इचारलंय. सांग."